विसावी आग

मेंगिया, यंदा आग पेटली नाही.
जुलैभर थेंब नाही, रान काडीला टेकलेलं.
गावसभेने फलक लावला, आणि चर्चमागच्या टेकाडावर
लाकडांचा ढीग तसाच उभा राहिला,
नटूनथटून बसलेल्या,
न्यायला कुणी न आलेल्या पाहुण्यासारखा.

आठवतं ना, काय काय राखून ठेवायचो आपण
एक ऑगस्टसाठी?
जानेवारीपासून गोठ्याच्या माळ्यावर वाळत पडलेलं
नाताळचं झाड,
मोडकी घसरगाडी, दात पडलेलं दाताळं,
बार्क्लामीउ काकाची ती लंगडी खुर्ची,
जिच्यावर बसून तो तीस वर्षं पत्त्यांत हरला.
ती जळताना त्याने टोपी काढली होती.

पूर्ण सुट्टी नसायची तेव्हा.
ऊन पडलं की आधी गवत, मग देश.
दिवसभर गंजी ओढून मानेत कुसळं घुसलेली,
आणि संध्याकाळी तेच हात धुऊन
कागदी कंदील धरायचे. लाल, मधे पांढरा क्रॉस.
तुझा पेटायचा.
दरवर्षी, पाणवठ्याच्या त्याच वळणाशी.
तू भोकाड पसरायचीस, मग मी माझा तुला द्यायचे
आणि नुसती काठी उंच धरून
अंधारात मिरवणुकीबरोबर चालायचे.
साठ वर्षं बोलले नाही, आज ऐकवते.

सॉसेजची टोकं फुलीसारखी चिरायची,
विस्तवावर ती फुलासारखी उमलायची.
पण त्याआधी भाषण!
गुरांचा व्यापारी गिएरी, त्या रात्रीपुरता गावप्रमुख,
कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचायचा :
“आम्ही मुक्त माणसं, कुणापुढे न वाकलेली...”
नेमकी तेव्हाच आई पाव कापायला घ्यायची.
करकर, करकर.
मला वाटायचं, पावाचा पापुद्राच कडक.

एकाहत्तर साली सुरी थांबली.
त्या फेब्रुवारीत देशभरच्या पुरुषांनी मत देऊन ठरवलं होतं
की बायकांनाही मत असावं.
आई तेव्हा “बरं” एवढंच म्हणाली
आणि वासराला दूध पाजायला गेली होती.
आगीपाशी मात्र ती सगळ्यांच्या पुढे आली,
ॲप्रनखालून कपडे घासायची जुनी फळी काढली
आणि जाळावर ठेवली.
फेकली नाही. ठेवली.
बाबा हळूच म्हणाले, “आता धुणार कशावर?”
“बघू,” आई म्हणाली, “मतदान घेऊ.”
बाबा जे हसले,
त्यांच्या हातातलं सॉसेज राखेत पडलं.

राष्ट्रगीताचं दुसरं कडवं कुणालाच येत नसे,
सगळे ओठ मिटून गुणगुणायचे, गोठ्यातल्यासारखे.
आणि मग मोजणी.
दरीपलीकडे एकेक ठिणगी उठायची,
बाबा बोट दाखवून सांगायचे :
ही गिरणीवाल्यांची, ही विधवा ओनाची,
ही त्या भांडकुदळ दोघा भावांची, म्हणून दोन.
एकदा धुकं असं दाटलं
की आपलीच आग आपल्याला दिसेना.
बाबांनी तरी मोजल्या.
पांढऱ्या भिंतीवर बोट टेकवत, पार तेविसापर्यंत.
तू म्हणालीस, “खोटं!”
ते म्हणाले, “मग तू मोज.”

तुझ्याकडे आत्ता हिवाळा.
ब्युनोस आयरेसमधल्या तुझ्या गॅलरीत
आज काही पेटत नसणार.
इथे आम्ही चौदाजण न पेटलेल्या ढिगाभोवती
स्वेटर घालून बसलो, सवयीने चेहरे पुढे करून.
पोर्तुगालहून आलेल्या गवंड्याच्या मुलीकडे
बॅटरीवरचा कंदील होता, कधीच न पेटणारा.
तुला हवा होता तसा.
तिने तो मला धरायला दिला
आणि विचारलं, समोर काळोखात काय बघतेस?

मी बोट उचललं. गिरणीवाले. ओना.
दोघं भाऊ, म्हणून दोन.
एकोणीसपर्यंत बिनचूक गेले, मेंगिया,
मग अडले.
वरच्या कुरणाच्या डावीकडे, लार्च झाडांच्या खाली
एक लहानशी असायची, उशिरा पेटणारी.
ती कुणाची गं?
पत्र नको, फोनच कर.
ती मुलगी उद्या पुन्हा विचारणार आहे.